प्रार्थना करून सांगते

आमच्या मंडळीत कुणी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. मंडळी म्हणजे धाराशिवातल्या आमच्या चर्चला येणारी मोजकी घरं. नाताळाच्या जेवणाला कांदा चिरायला येणार का, असं विचारलं की जिला यायचं नसतं ती डोळे जरा मिटते, मान तिरकी करते आणि म्हणते, “प्रार्थना करून सांगते.” झालं. विचारणारी काय ते समजते आणि दुसरीकडं वळते. शिंप्यानं ‘उद्या नक्की’ म्हटलं की आपण जे समजतो, तेच इथं समजायचं. मग झाली का प्रार्थना, काय उत्तर आलं, असं विचारायची पद्धत नाही. इतकं सोयीचं वाक्य दुसऱ्या कुठल्या समाजात असेल असं मला वाटत नाही.

पण मला ते जन्मात कधी जमलं नाही. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली आणि तिथं माणसाला फक्त ‘हो’ म्हणायला शिकवतात. मतदारयादी? हो. खिचडी? हो. पोलिओचा डोस? हो. मी निवृत्त झाले तेव्हा मंडळीनं मला शाल दिली, गुच्छ दिला, माझ्या विश्रांतीसाठी खास प्रार्थनाही केली. आणि पुढच्याच रविवारी शब्बाथशाळेची, म्हणजे चर्चच्या रविवारच्या धर्मवर्गाची, पोरं माझ्या गळ्यात पडली. त्यामागून महिला मंडळ, गायनमंडळ, आजाऱ्यांच्या भेटी, घरोघरच्या प्रार्थना. “बाई, तुम्ही आता रिकाम्याच की,” असं जो तो म्हणायचा. रिकामी बाई दिसली की लोकांना का पाहवत नाही, देव जाणे.

आमच्या यजमानांचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक घेऊन येतात आणि हे तांब्याची तार गुंडाळून त्यांना पुन्हा जिवंत करतात. माणूस गरीब, पण जिभेला धार. दुकानात कुणी विचारलं, वहिनी दिसत नाहीत, तर यांचं उत्तर ठरलेलं: “आमची मंडळी मंडळीत गेली आहे.” गिऱ्हाईक हसायचं. मला आधी हसू यायचं, नंतर नंतर राग यायला लागला, कारण ते खरंच होतं.

त्याच सुमारास सासूबाईंचे कान जायला लागले.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आमच्या आत्या मूळच्या तेरच्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, अक्षर ओळखत नाहीत, पण उपासना कधी चुकवली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की वयाचे कान आहेत, हळूहळू जाणार, मशीन बसवून बघा. मशीन बसवलं. त्यातून शिट्टी वाजायची. आत्यांनी ते काढून डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, “शिट्ट्या मारणारं ध्यान माज्या कानात नगं.” पुढं कुणी कितीही समजावलं तरी डबी उघडली नाही.

मशीन डबीत गेलं त्या रात्री जेवताना त्यांनी आपलं मागणं मांडलं. “म्या म्हणते, कान हायेत तवर एकदा समदं शास्त्र आयकायचं. पयल्या पानापासनं शेवटच्या पानापत्तूर. मधलं काय गाळायचं न्हाय. आजवर पाळकांनी मला घास घास चारला. एकानं हितला, एकानं तिथला. भरलं ताट कुणी वाढलंच न्हाय.”

शास्त्र म्हणजे आमचं बायबल आणि पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू. मी अर्थातच ‘हो’ म्हटलं. आमच्या लेकीनं सोलापुराहून फोनवर सुचवलं की मोबाइलवर सगळं शास्त्र ऐकायला मिळतं, बटण दाबलं की झालं. तेही करून पाहिलं. आत्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन परत दिला. “ही बाई दमच खात न्हाय. मधी काय इचारलं तर उत्तर देत न्हाय. असली कसली वाचणारी!” तर ते काम माझ्याकडंच आलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

वेळ ठरली दिवेलागणीची, भाकरीच्या आधी. मी खाटेवर, आत्या खुर्चीत, त्यांचा उजवा कान माझ्या तोंडाशी. डावा आधीच कामातून गेला होता. मी चौथीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायची आणि आत्या मधे मधे अडवायच्या. कुठंही नदी आली की, “तेरणेपरीस मोठी का?” म्हाताऱ्या माणसाचं नाव देवानं बदललं तिथं त्या खूश झाल्या. “आपल्या जिल्ह्यावाणी झालं की गं. मंग लोक जुन्याच नावानं हाक मारत आसतील थोडे दिस.” जावयाला वर्षानुवर्षं राबवून घेणाऱ्या सासऱ्यावर त्यांचा इतका राग बसला की पुढं तो कुठंच येत नाही, तरी त्या त्याची चौकशी करत राहिल्या.

वंशावळी आल्या तेव्हा आमचं पहिलं भांडण झालं. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, पान पान नुसती नावं. मी म्हटलं, “आत्या, ही नावं सोडून पुढं जाऊ. ह्यात काही गोष्ट नाही.”

“सोडायचं न्हाय.”

“अहो, मलाच उच्चारता येत नाहीत.”

“चुकू दे. पर घे. त्यांच्या आया आसतील का न्हाय? पोराचं नाव शास्त्रात आलं आन तू म्हणतीस गाळा.”

मग मी घेतली सगळी नावं, शाळेत हजेरी घेतात तशी. आत्या मधेच डुलक्या काढायच्या. मी थांबले की डोळे न उघडता म्हणायच्या, “जागी हाय म्या.” एकदा मी मुद्दाम त्या नावांत आमच्या यजमानांचं नाव घुसडून पाहिलं. आत्यांना काही कळलं नाही. यांना स्वैपाकघरात कळलं आणि ठसका लागला.

वाचन झालं की जेवणाची प्रार्थना. ती आत्यांचीच असायची आणि तिचं वर्णन करायला बसले तर आजची भाकरीही थंड होईल. अन्नाबद्दल उपकार मानून सुरुवात व्हायची. मग लेक, सून, सोलापूरची नात, तिचा नवरा, दुकानातल्या मोटारी, तेरणेला पाणी, एसटीचे ड्रायव्हर, दवाखान्यातले डॉक्टर, शेजारणीचा मुतखडा. तोवर भाकरीची पापडी व्हायची आणि येसराच्या आमटीवर साय धरायची. एकदा भुकेनं यांनी डोळे मिटूनच भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. आत्यांनीही डोळे उघडले नाहीत. आवाज तेवढा किंचित चढला: “आन ह्या माज्या लेकाला दम दे, बाबा.” गरम भाकरी म्हणजे काय असतं, ते आमच्या घरात विसरायची वेळ आली होती.

माझा आवाज चढत गेला तशी श्रोत्यांत भर पडली. भिंतीपलीकडच्या घरात सकाळी बुद्धवंदना असते आणि संध्याकाळी आमचं वाचन त्यांच्या स्वैपाकघरात जाऊन पडायचं. एका सकाळी शेजारीण धुणं वाळत घालताना भिंतीवरून डोकावली.

“बाई, त्या पोराला त्या खड्ड्यातनं काढलं का न्हाय वो?”

“कुठल्या पोराला?”

“तेच ओ, सख्ख्या भावांनी टाकलेलं. तुम्ही काल नेमकं तिथंच थांबला. रातभर जीव टांगणीला माझा.”

मी म्हटलं, काढलं, पण विकलं. ती हातातला पिळा तसाच धरून उभी राहिली. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचा टीव्ही बंद होता, आणि पुढं आमच्या वेळेला तो बंदच राहायला लागला.

इतकं छान चाललं होतं. मग नाताळ जवळ आला आणि सगळं कोलमडलं. गायनाचा सराव संध्याकाळी. पोरांची नाटुकली संध्याकाळी. घरोघरच्या प्रार्थना संध्याकाळी. सेवेची सगळी कामं दिवेलागणीलाच कशी येतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. दुपारी वाचून पाहिलं, पण दुपारी गल्लीत भाजीवाले, रिक्षा, शेजारच्या बांधकामाची मशीन. आत्यांच्या कानात काही शिरायचं नाही. “सांच्यालाच वाच,” त्या म्हणायच्या. संध्याकाळी मी घरात नसायची. पुस्तकात खूण म्हणून घातलेली लग्नपत्रिकेची पट्टी एकाच पानात अडकून बसली. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, तरी कामं काही कमी झाली नाहीत. एक संपलं की दुसऱ्याला माझा ‘हो’ तयारच असायचा.

एका संध्याकाळी जवळच्या येडशी गावातून प्रार्थना आटोपून रिक्षानं घरी आले. आत्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडं नाही, उजवा कान रस्त्याकडं. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा त्या दचकल्या. “आलीस व्हय? कळलंच न्हाय,” म्हणाल्या आणि हसून आत गेल्या.

शेजारीण भिंतीशीच होती. हळू आवाजात म्हणाली, “बाई, रागवू नका. आत्या रोज तुमच्या रिक्षाचा आवाज ऐकायला बसतात. गेल्या आठवड्यापर्यंत वळणावर रिक्षा आली की म्हणायच्या, आली बघ. आज दारात येऊन थांबली, तरी न्हाय ऐकू आली.”

मी देवाच्या कामाला गावभर फिरत होते आणि देवाचा शब्द ऐकायला तरसलेलं माणूस माझ्याच दारात बसून बहिरं होत होतं. त्या रात्री मी स्वतःवरही चिडले, मंडळीवरही चिडले आणि विनाकारण यांच्यावरही चिडले. यांनी बापड्यांनी गपगुमान भांडी घासली.

त्या रविवारी आमच्या नव्या पाळकांनी उपदेश केला. पोरगंच ते, पाळकांच्या शाळेतून नुकतंच बाहेर पडलेलं, दूरच्या भागातलं, हसरं आणि उत्साही. विषय काय, तर त्या दोन बहिणींची गोष्ट. घरी प्रभू पाहुणा आलेला, थोरली स्वैपाकात घामाघूम, धाकटी पाहुण्याच्या पायाशी ऐकत बसलेली, आणि थोरलीनं तक्रार केल्यावर धाकटीनं चांगलं तेच निवडलं असं तिला मिळालेलं उत्तर. पाळकांनी फार सुंदर सांगितलं. आपण सगळे धावतो, थांबत नाही, ऐकत नाही. जीवनात तोल पाहिजे, समाधान पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

उपासना संपली. मी चपला घालत होते तेवढ्यात पाळक लगबगीनं आले. “जय ख्रिस्त, बाई! येडशीला दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यास सुरू करू या म्हणतो. तुमच्याशिवाय कोण घेणार? आणि पुढच्या महिन्याच्या प्रीतिभोजनाचा स्वैपाकही तुम्हीच बघा.”

मला हसावं का रडावं कळेना. थोरल्या बहिणीवर इतकं रसाळ बोलून हा माणूस माझ्या हातात तिचीच पळी देत होता. माझ्या तोंडात सवयीचा ‘हो’ आलाही होता. मी तो गिळला, डोळे जरा मिटले, मान तिरकी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, “प्रार्थना करून सांगते.”

आजूबाजूच्या बायका चपला घालायच्या थांबल्या. बाईंनी हे म्हणावं म्हणजे काय! पण पाळक पडले परगावचे. त्यांचा चेहरा उजळला. “वा! असंच पाहिजे. अवश्य प्रार्थना करा. मी वाट पाहतो.”

आणि ते खरोखर वाट पाहायला लागले. सोमवारी फोन: “बाई, काही प्रेरणा झाली का?” मंगळवारी फोन: “घाई नाही, पण प्रभू बोलला का?” मी काय सांगणार? मी म्हणायची, “करतेय प्रार्थना.” पुढच्या रविवारी तर त्यांनी कहरच केला. सूचना वाचून झाल्यावर वेदीवरून म्हणाले, “आपल्या बाई एका सेवेविषयी देवाची इच्छा शोधत आहेत. आपणही त्यांच्यासाठी माना लववू या.” अख्ख्या मंडळीनं माना लववल्या. बायकांच्या बाजूला पदर तोंडात गेले, बाकं हलायला लागली. पुरुषांच्या बाजूला आमचे यजमान खाली मान घालून इतके थरथरत होते की मागच्या बाकावरच्यांना वाटलं, माणसाला पवित्र आत्म्यानं स्पर्श केला.

हसायला येत होतं खरं, पण मी कात्रीत सापडले होते. पण त्या आठवड्यात एक गोष्ट झाली होती. ‘हो’ म्हटलं नसल्यामुळं माझ्या संध्याकाळी मोकळ्या होत्या. गायनाच्या सरावालाही मी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. पट्टी पानांतून पुढं सरकायला लागली होती. आत्यांचा उजवा कान मला आता तळहातात धरून त्यात बोलावं लागत होतं, पण आत शब्द जात होता.

शेवटी पाळक एका संध्याकाळी घरीच आले. आमचं वाचन रंगात होतं. आत्यांनी त्यांना “सलाम” केला आणि शेजारी बसवलं. पाळकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि प्रेमानं विचारलं, “मग बाई, काय ठरलं?”

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाल्या, “काय इचारतोय ग ह्यो?”

मी त्यांच्या कानात ओरडले, “विचारतात, देवानं काय सांगितलं!”

“देव न्हाय म्हणला,” आत्या शांतपणे बोलल्या.

पाळक गोंधळले. जरा वाकून मोठ्यानं म्हणाले, “आजी, तुम्हाला कसं कळलं?”

“मला ऐकू कमी येतं, लेकरा. पर एवढं आलं.”

भिंतीपलीकडं शेजारीण खो खो हसली. पाळक आधी लाल झाले, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि मग मी त्यांना त्या वाक्याचा अर्थ सांगितला. “म्हणजे इतके दिवस सगळे मला...” ते बोटांवर आठवायला लागले. कोणी कोणी प्रार्थना करून सांगतो म्हटलं होतं आणि आपण कोणाकोणाची वाट पाहत आहोत, याची त्यांची यादी बरीच लांबली. मग त्यांना मी आत्यांचे कान, ते मागणं, अडकलेली पट्टी, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, त्या रविवारी तुम्ही मलाच उपदेश करायला पाहिजे होता.”

“केला असता,” मी म्हटलं, “पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला तेही काम दिलं असतं.”

येडशीच्या बायकांनी पुढं त्यांचा अभ्यास त्यांच्यातच सुरू केला आणि माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं. गायनमंडळ मी सोडलं. सोडल्यावर ते सुधारलं, असं यांचं म्हणणं आहे. शब्बाथशाळेची पोरं तेवढी ठेवली, कारण ती मला आवडतात. आजाऱ्यांना भेटायला दुपारी जाते. दिवेलागण मात्र आत्यांची.

नव्या करारात ती दोन बहिणींची गोष्ट आली तेव्हा मी जरा हळूहळू वाचली. आत्यांनी ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “थोरलीचं काय चुकलं? दोघी बसल्या आसत्या तर पावणा उपाशी गेला आसता.”

“कुरकुर केली ते चुकलं,” मी ओरडले. “आणि एका भाकरीवर भागत होतं तिथं पंगत मांडली.”

“ते बी खरं. मंग मागनं भांडी धाकटीनं घासली आसतील.”

“असं लिहिलेलं नाही, आत्या.”

“समदं कुठं लिहित्यात!”

माझ्याशी वाद घालून जिंकल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशीची प्रार्थना आणखी लांबली.

शेवटच्या पानाला आम्ही उन्हाळ्यात पोचलो. कान जवळजवळ मिटले होते. एक एक वाक्य मी दोनदा, तीनदा म्हणायची आणि आत्या मान हलवेपर्यंत पुढं जायची नाही. शेजारीण त्या दिवशी भिंतीपलीकडं न बसता आमच्या उंबऱ्यात येऊन बसली होती. यांनी दुकान लवकर बंद केलं आणि आल्या आल्या तव्याचा ताबा घेतला. मोटारी भरणाऱ्या हाताला भाकरी बरी जमते. पाळकही आले होते. शेवटचा शब्द ‘आमेन’. मी तो त्यांच्या कानात म्हटला. त्यांनी मान हलवली नाही. मी पुन्हा म्हटला, घसा फाटेस्तोवर. तेव्हा आत्या हसल्या आणि माझ्या गालाला हात लावला. “पयल्यांदाच आयकलं म्या,” त्या म्हणाल्या. “तुज्या तोंडातनं अजून एकदा आयकायचं व्हतं.”

मला रडू आवरेना. यांनी ताटं आणून ठेवली आणि आम्ही सगळ्यांनी प्रार्थनेसाठी माना खाली घातल्या. आता आज तर शास्त्र संपलं, तेव्हा आज निदान अब्राहामापासून सुरुवात होणार, अशी माझी खात्री होती. मी पदर नीट केला आणि लांबच्या मुक्कामाची तयारी केली.

“आयकलं, बाबा, समदं,” आत्या म्हणाल्या. “पोट भरलं. आमेन.”

आम्ही तसेच बसून राहिलो, डोळे मिटून, लेकीची आणि एसटीच्या ड्रायव्हरांची वाट बघत. कुणी हललं नाही. मग माझ्या गुडघ्यावर एक चापट बसली.

“डोळे उघडा की गं,” आत्या म्हणाल्या. “भाकरी निवायली.”